शिट्टी विकली गेलेली नाही

तीर्थस्वरूप मामांना,

ज्याला तुम्ही आमच्याच बैठकीच्या खोलीत ‘विकाऊ पंच’ म्हणालात, त्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? मामी फोनवर म्हणाल्या की गुडघा बरा आहे पण तोंड बंद आहे. त्यामुळे काळजी वाटली. उलट असतं तर वाटली नसती. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांची साखर आटोक्यात आहे, राग नाही.

आधीच स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचं की फाडायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी माफी मागणार नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर तुम्ही ‘भाच्याने जाहीर माफी मागावी’ असं लिहिलंत, त्याखाली धाकट्या मावशीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं (ते कोणाच्या बाजूनं, हे अजून कोणालाच कळलेलं नाही, मी विचारलं तर तिनं फुलांचं टाकलं), तरीही नाही.

झालं काय ते क्रमानं सांगतो, कारण तुम्ही मामींना सांगितलेली हकिगत आणि घडलेली हकिगत यांची फक्त सुरुवात जुळते. आई गेल्यापासून तुम्ही रोज संध्याकाळी आमच्याकडे येता. बाबा त्यांचा आवडता बातम्यावाला लावतात, ज्याला तुम्ही ‘भोंगा’ म्हणता. मग तुम्ही रिमोट हिसकावून तुमचा लावता, ज्याला बाबा ‘उसासे’ म्हणतात, कारण तो प्रत्येक प्रश्नाआधी सगळ्या देशाच्या वतीनं एक उसासा सोडतो. भोंगा पाहुण्यांना बोलावतो आणि बोलू देत नाही. उसासे बोलू देतो, पण ऐकताना असा चेहरा करतो की बोलणाऱ्याला आपण जन्मलो याचीच लाज वाटावी. माझं मत विचाराल तर (आजवर दोघांपैकी कोणी विचारलेलं नाही) दोघांचा शिंपी एकच असावा. मधे तुमच्या आणि बाबांच्या पक्षांनी युती केली होती, ते दिवस आठवतात? तुम्ही दोघं खुर्च्यांवर असे बसायचात जसं घरात कोणीतरी आजारी आहे. युती तुटली त्या दिवशी बाबांनी स्वतः उठून चहा केला.

तर तुम्ही दोघं एकदम बोलायचात, टीव्हीतली सगळी मंडळी एकदम बोलायची, आणि शेजारच्या वकीलबाई भिंत ठोकायच्या. यावर तोडगा काढणं माझ्याकडे आलं, कारण मी वजनमाप निरीक्षक. माझा शिक्का नसेल तर बाजारात तराजू लावता येत नाही, एवढाच काय तो माझा अधिकार, पण तो मी मनापासून बजावतो. घड्याळ लावून बोला म्हटलं, तर तुम्ही म्हणालात मी काटा पुढे सरकवतो आणि बाबा म्हणाले मागे. म्हणून मी असा पंच शोधला की ज्याला पक्ष नाही, जात नाही, बातम्या ऐकण्याची सवय नाही: आपला कुकर. संध्याकाळचा स्वयंपाक मीच करतो. कुकर चढवला की टीव्हीचा आवाज बंद. पहिल्या दोन शिट्ट्या होईपर्यंत बाबा बोलणार (वयाचा मान), पुढच्या दोन होईपर्यंत तुम्ही. आपली दुसरी शिट्टी झाली की वाक्य कुठेही असो, तोंड मिटायचं. मामा, ही पद्धत चालली होती. वकीलबाईंनी भिंत ठोकणं सोडून दिलं होतं. एकदा तर जिन्यात भेटल्यावर ‘काल तुमच्या मामांचा मुद्दा अर्धाच राहिला’ असंही म्हणाल्या.

आणि मग ती संध्याकाळ. विषय काय होता हे तुम्हाला तरी आठवतं का? बाबा ऐसपैस बोलले. त्यांनी तुमच्या पक्षाची तीन पिढ्यांची पापं काढली, मधे पाणी प्यायले, उरलेली काढली. मग तुम्ही घसा साफ केलात, नेहमीप्रमाणे ‘मुळात’ म्हणालात, आणि शिट्टी झाली. तुम्ही मुळापासून जरा वर येताय तोवर दुसरी. तुम्ही ताडकन उठलात, स्वयंपाकघराकडे बोट रोखलंत आणि ओरडलात, “शिट्टी विकली गेलीये, भावजी!” बाबांनी टाळ्या वाजवल्या, ही त्यांची चूक. मी हसलो. (ते हसणं होतं की नुसते ओठ हलले, यावर मी रोजनिशीत बरंच लिहून खोडलं आहे. हसणंच होतं.) तुम्ही माझ्याकडे वळलात. “हस, हस! खुर्चीचा मोह कोणाला सुटलाय!” कोणती खुर्ची, मामा? मी ओट्यापाशी उभा असतो. पण तुम्ही ऐकायला थांबला नाहीत. रागाच्या भरात बाबांच्या चपला घालून निघून गेलात.

पुढच्या रविवारी मी काय केलं ते ऐका. बाबांना साक्षीला बसवलं आणि घड्याळ हातात घेऊन कुकर तपासला, बाजारात तराजू तपासतो तसा. गार कुकर पहिल्या शिट्टीला फार वेळ घेतो. एकदा तापला की मात्र शिट्ट्या भराभर. म्हणजे जो आधी बोलेल त्याला कुकर तापण्याचा सगळा वेळ फुकट मिळणार, आणि आधी रोज बाबाच बोलायचे. म्हणजे तुमच्यावर अन्याय होत होता. एक दिवस नाही, रोज. शेंगदाण्याएवढ्या फरकासाठी लोकांचे काटे जप्त करणारा मी, आणि माझ्याच ओट्यावर खोटं माप!

तरीही माफी मागणार नाही. माप खोटं होतं, मापारी नाही. (दुकानदार मला नेमकं हेच सांगतात आणि मी त्यांचं ऐकत नाही, हे मला माहीत आहे. त्याचा विचार मी स्वतंत्रपणे करीन.) वेळ चुकल्याबद्दल माफी माग म्हणाला असतात, तर मी तुमच्या दारात येऊन मागितली असती. तुम्ही मागायला सांगताय ती विकला गेल्याबद्दल. मला कोणी विकत घेतलेलं नाही, मामा. बाबांनी त्या दिवशी मला साधा चहासुद्धा विचारला नव्हता. आपल्याशी जो सहमत नाही तो कोणाचा तरी हस्तक, हे भोंगाही शिकवतो आणि उसासेही शिकवतो, एक ओरडून, दुसरा सुस्कारत. टीव्हीत खुशाल शिकवू द्या. ते माझ्या स्वयंपाकघरात चालणार नाही. तुम्ही बोलणं टाका, ग्रुपमधून काढा, मावशीकडून आणखी चित्रं मागवा. मी इथंच उभा आहे, ओट्यापाशी.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (माफी सोडून),
भाचा

ता. क. पत्र बाबांनी वाचायला मागितलं. ‘माफी मागणार नाही’च्या खाली दोन्ही ठिकाणी त्यांनी जोरात रेघ मारली आणि ते झाडांना पाणी घालायला गेले. ते येईपर्यंत लिहून टाकतो. हल्ली ते उसासे बघतात. विचारलं तर म्हणाले, “शत्रूच्या गोटात काय चाललंय ते कळायला नको?” कुकर चढला की नेहमीसारखं बोलतात, दोन शिट्ट्यांना थांबतात आणि तुमच्या खुर्चीकडे बघतात. मग तुमच्या बाजूनं बोलतात. ‘मुळात’पासून. काल इतकं चांगलं बोलले की त्यांना स्वतःलाच उत्तर देता येईना. मग माझ्यावर चिडले, अर्धं जेवले आणि म्हणाले, “मेव्हणे असते तर एवढं बरं बोलले नसते.”

आणखी ता. क. बाबांच्या चपला तुमच्याकडेच आहेत. नव्या घेऊ म्हटलं तर नको म्हणतात. तुमच्या घालून बागेत जातात आणि विरोधी पक्षाच्या चपला चावतात अशी तक्रार करतात. मामी म्हणत होत्या की कोणाच्या तरी हाती पाठवून देते. पाठवू नका. घालून या.

शेवटचं. बाबा मागे येऊन उभे होते, मला कळलं नाही. वरचं सगळं त्यांनी वाचलं. आता मला घराबाहेर काढतात असं वाटलं. झारी खाली ठेवली आणि म्हणाले, लिही. म्हणून त्यांचेच शब्द लिहितो: “मेव्हण्यांना म्हणावं, कुकर गार असताना या. पहिली पाळी तुमची.”