छपराखालचे तीन झरोके

२ ऑक्टोबर १९५३
डॉक्टर येऊन गेले. सौ.चा दमा शेजारच्या भातगिरणीच्या तुसाने वाढतो, असा शोध लावून. सौ. स्वतः सात वर्षे हेच सांगते आहे, पण तिच्या गळ्यात नळी नाही. झरोके बंद केले की गुदमरते, उघडले की तूस. उपाय : छपराखालच्या तिन्ही झरोक्यांना बारीक तारेची जाळी, काढून धुता येईल अशी. गिरण दिवाळीनंतर सुरू. महिना हातात.

५ ऑक्टो.
नामा सुतार ओवे गावाहून आला. सुतळीला गाठी मारून मापे घेतली. माझी फूटपट्टी पाहून म्हणाला, "मास्तर, ती पोरांच्या हातावर मारायला ठेवा." तिन्ही झरोके तीन मापांचे. गवंडी स्वतंत्र विचारांचा असावा.

२७ ऑक्टो.
दिवाळीची सफेदी. हिला चार दिवस बहिणीकडे धाडले. दरवर्षी चुन्यावर चुना. पापुद्रे हिच्या अंगावर गळतात. यंदा सगळे खरवडले. झरोक्यांच्या कडांना बोटभर जाड थर! शिडीवर स्वतः चढलो. परत आल्यावर ही म्हणाली, "छान केलंत हो." लग्नानंतर तिसऱ्यांदा.

१२ नोव्हें.
नामा चौकटी घेऊन आला. पहिली बसवली, ती झरोक्यातून सरळ परसात.
"मास्तर, भोकं मोठी कशी झाली?"
मी चौकट आणायला परसात गेलो.
"खरवडलंत काय तुमी?"
"हो."
"मंग मी मापला तो चुना व्हता. भिंत नाय."
पट्ट्या ठोकून पाहिल्या. पण चुन्याखालची भिंत वेडीवाकडी, फटी राहतातच. नवा चुना थापावा तर सुकायला पंधरा दिवस, शिवाय ओल्या चुन्याने हिला ढास. गिरण सोमवारी.

१६ नोव्हें., सोम.
गिरण सुरू. फटींत माझे जुने धोतर फाडून कोंबले. दुपारपर्यंत जाळ्या तुसाने बुजल्या. धुवायला काढल्या तेवढ्यात घरभर तूस. परत बसवल्या तर ही म्हणते, "अहो, वाराच येत नाही."
गिरणवाल्याकडे गेलो. चहा पाजला. त्याच्या आईलाही दमा आहे म्हणाला. ती गावी असते.

१९ नोव्हें.
ही तीन उशांना टेकून बसलेली. एका वाक्याचे तीन तुकडे करून बोलते. नामाला पुन्हा बोलावले. या खेपेस चौकटी भिंतीच्या वाकड्या कडांबरहुकूम आणि जाळ्यांचे दोन संच, एक धुवायला, एक लावायला. फूटपट्टी त्याने आपण होऊन मागितली. "आता परत खरवडायचं नाय हां, मास्तर."
दोन झरोके मापून झाले. तिसरा हिच्या खाटेच्या बरोबर वर. मी शिडी धरलेली. नामाने कडेवरून नख फिरवले नि थांबला.
"इथं अजून चुना हाय, तुमच्याकडून ऱ्हायलेला. ढिला हाय. काढू का ठेवून मापू?"
काढावा तर आत्ता हिच्या तोंडावर, आणि उशांवरून हिला हलवणे नाही. ठेवावा तर महिन्याभरात गळेल, की पुन्हा फट. हिच्याकडे पाहिले. डोळे मिटून श्वास ओढत होती.
"मास्तर, काय करू?"