आमदाराच्या विहिरीचं पाणी

सोमवार, दिवेलागणी. नेर.

आमच्या तांड्यावर विहीर खोदली, असं आमदारानं कोर्टात शपथेवर सांगतलं होतं. आज जजसाहेब त्याले संग घेऊन स्वतः पाहाले आले. पडीत वावरात निस्ती आमदाराच्या नावाची पाटी. साहेबानं माह्याजवळून गिलास मागतला, आमदाराच्या हाती देला आन् म्हणाले, "तुमच्या विहिरीचं पाणी पाजा."

मी तक्रार केली तवा ग्रामसभेत याच आमदारानं मले खोटारडी म्हटलं होतं. सारे हासले होते.

साहेब सारं लिहून घेऊन गेले. मंग उन्हानं सुकलेला आमदार माह्या दारात. "बाई, घोटभर पाणी दे."

आमच्यात दुश्मनालेबी पाणी नाकारत नाहीत. मी म्हटलं, "गिलास तं हातातच हाय. तुमच्या विहिरीवरून भरून घ्या."

पाप लागन काय? लागू दे.