गेटपाशी मारलेला ब्रेक

बाबा, मी पुन्हा गाडी चालवायला लागले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पाय बरा आहे. मांडीत सळी आहे, ती गारठ्यात जाणवते, पण आता किक मारावी लागत नाही, बटण दाबलं की गाडी सुरू होते. याला तुम्ही गाडी चालवणं म्हटलंच नसतं, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही मला शिकवलंत ते वडाळ्याला, मिठागरांकडच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. मी पुढे, तुम्ही मागे. मुलीला मोटरसायकल कशाला, असं चाळीतल्या बायका विचारायच्या आणि आई तुमच्याकडे बोट दाखवून मोकळी व्हायची. मागे बसलात की तुम्ही अवाक्षर काढायचा नाहीत. सगळा जन्म तुमचा साचेखात्यात गेला. कापड विणणाऱ्या साच्यांच्या त्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या खांद्याला हात लावूनच सगळं सांगायची. तीच रीत तुम्ही गाडीवर आणलीत. खांद्यावर एक थाप म्हणजे गियर वाढव, दोन म्हणजे कमी कर, आणि अख्खा पंजा दाबला की थांब. एकदा पंजा पडल्यावर मी मान वळवून विचारलं, कशाला थांबू? घरी पोचेपर्यंतही तुम्हाला धीर निघाला नाही, तिथेच उतरून मला झापलंत. "खांद्यार हात पडलो काय थांबायचा. इचार मगे." तुम्ही रागावलात की थेट मालवणीत शिरायचा, आणि मग कोणाची बोलायची टाप नसायची.

कॉलेजच्या दिवसांत मी तुम्हाला पहिल्या पाळीला गिरणीवर सोडायचे आणि दुपारी पाळी सुटली की न्यायला यायचे. सकाळी आपण पोचायचो तेव्हा रात्रपाळी सुटलेली असायची. गेट दिसायच्या आतच तुमचा पंजा पडायचा. मी म्हणायचे, हॉर्न देते ना, बाजूला होतील. तुम्ही म्हणालात, "आठ तास साच्यात उभ्या ऱ्हवलेल्या माणसाक हॉर्न ऐकाक येना नाय." खरंच, ती माणसं रस्त्यावर यायची ती कुठेच न बघता, केसांत कापसाची पिंज अडकलेली. गाडी थांबवून मी त्यांना जाऊ द्यायचे. मग तुम्ही उतरायचात, मागचा शॉकअब्सॉर्बर हलका होऊन गाडी वर यायची, आणि तुम्ही त्या गर्दीतून उलटे आत शिरायचा.

गिरणी बंद पडली, मग तुम्ही गेलात. आता तिथे टॉवर आहे. तुमचं दगडी गेट तेवढं शोभेला ठेवलंय आणि त्याला कुलूप आहे. टॉवरवाले मागच्या बाजूने गाड्या काढतात, गेटसमोरच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. लालबागहून ठाकूरद्वारला ऑफिसला जाताना मी इतकी वर्षं त्याच गल्लीतून जात होते आणि कधी काही झालं नाही. त्या सकाळी मात्र गेट दिसायच्या आत डाव्या खांद्यावर अख्खा पंजा पडला. अंगठा मानेपाशी, चार बोटं पुढे, आणि त्यातली करंगळी, तुमची साच्यात चेंगरली होती, तशीच वाकडी. मी विचार केला नाही. ब्रेक दाबला. रस्त्यावर बांधकामाची रेती सांडलेली होती, पुढचं चाक निसटलं आणि मी उजव्या अंगावर पडले.

टॉवरचा वॉचमन धावत आला. गाडी पायावरून उचलता उचलता म्हणाला, "मॅडम, रस्ता तर एकदम खाली होता. ब्रेक कोणासाठी मारला?" कुत्रं आडवं आलं, असं मी सांगितलं. हॉस्पिटलातही तेच सांगितलं. तिथली सिस्टर कपडे बदलताना म्हणाली, "पडलात उजव्या बाजूला, मग हा डावा खांदा कसा काळानिळा झाला?" तिने बोट ठेवून दाखवलं. मी आरसा मागितला नाही.

घरी पडून राहिले तेव्हा ह्यांचा एकच धोशा, "विकून टाकूया ती गाडी. बसने जा, टॅक्सीने जा, पायी जा." मला तुमचा फार राग आला होता बाबा. पण रागावूनही गाडी विकवेना. पडल्या पडल्या एवढं कळलं की तुम्ही मला पाडायला हात ठेवला नव्हता. तुम्हाला रात्रपाळी सुटलेली माणसं दिसत होती. गिरणी बंद झाल्याचं जिवंतपणी तुम्हाला माहीत होतं, गेल्यावर ते आठवत नसावं. आणि हे कळल्यावर जास्तच भीती वाटली. कारण पुन्हा चालवायची तर तो हात पुन्हा येणार, आणि तो मानला तर मी पडणार, नाही मानला तर तुमच्या माणसांच्या अंगावर गाडी घालणार. गल्ली टाळता आली असती. पण हात फक्त गल्लीतच येईल, असं कोणी सांगितलं होतं?

म्हणून पहिल्याच दिवशी मी तिथून गेले. लख्ख ऊन. लांबवर गेट दिसतंय, कुलूप दिसतंय, रस्ता रिकामा. गाडी मागून खाली बसते. मग पंजा. मी ब्रेक दाबत नाही. पंजा आवळतो, बोटं हाडापर्यंत जातात, मी हेल्मेटच्या आत ओरडते, "बाबा, गिरणी बंद झाली, कोणी नाहीये!" गाडी पुढे जाते आणि एकदम जड होते. माझ्या दोन्ही गुडघ्यांना काहीतरी घासत जातं, मऊ, एकामागून एक, गर्दीतून गाडी काढताना घासतं तसं. तेलाचा वास येतो. धक्का मात्र कुठेच बसत नाही. मग मागचा शॉकअब्सॉर्बर हलका होतो, गाडी वर येते. तुम्ही उतरलात. मी आरशात बघितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

तेव्हापासून खांद्यावर काही नाही. गाडी छान चालते. सकाळी मी रोज त्याच गल्लीतून जाते. हे पत्र त्या गेटच्या फटीतून आत सरकवायचं ठरवलं होतं, पण ते मी करणार नाही. तुम्हाला पहिल्या पाळीला सोडून आले, तेव्हापासून दुपारी पाळी सुटायच्या वेळेला तिकडून जायची वेळ आली, तर मी लांबच्या रस्त्याने जाते, बाबा. तुम्हाला न्यायला मी अजून आलेले नाही.