गुडघ्यावरची माती

मंगळवार, संध्याकाळ

आमचा बेसबॉल संघ आज सलग सातव्यांदा हरला, आणि लीग अजून निम्मी बाकी आहे. पोरांचे कपडे धुवायला माझ्याकडेच येतात, म्हणून मला ठाऊक आहे, ज्याने हार मानली त्याची पँट स्वच्छ येते. आज तशा बऱ्याच होत्या. वैताग नुसता! पण कप्तान राजूची? दोन्ही गुडघ्यांवर मुरमाची लाल माती, उजवा तर फाटलेलाच.

गाठोडं द्यायला तोच आला होता. विचारलं, "नऊ रन मागं होते तुम्ही, मग काहून घसरत गेला गा बेसवर?"

"मावशी, बेस तर समोरच होता नं!"

वेडा कुठला. माती निघता निघेना. उजव्या गुडघ्याला ठिगळ लावलं, दुहेरी. उद्या परत सामना आहे, आणि हा काही जपून पळणारा नाही.