चार वजनं, दोन बॅगा

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुपार

ती. वहिनी,

नमस्कार, आणि छोटीला माझी आठवण सांगा.

आज सकाळी नऊला गॅरेजमधून दादाची मोटरसायकल आणली. मग बॅगांच्या दुकानात गेलो आणि तिथून आपल्या काटे दुरुस्तीच्या दुकानात. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. आता दीड वाजलाय. शटर अर्धं ओढून लिहायला बसलो आहे.

तुमची चिठ्ठी येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही साधंच विचारलं होतं. नर्सिंगच्या नव्या कामासाठी येत्या सोमवारपासून गाडीवरून घरोघरी जायचं, जाताना छोटीला शाळेत सोडायचं, तर सामानासाठी काय लावू? जुन्या बॅगा चालतील का? एवढ्यासाठी तीन आठवडे लागायला नको होते.

आधी बॅगांचं लिहितो.

दुकानातला विक्रेता बोलका निघाला. "कुठली सफर साहेब, डोंगर की समुद्र?" मी म्हटलं, "डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, बीपीचं मशीन आणि संध्याकाळची भाजी." त्याचा चेहरा पडला. तरी बिचाऱ्याने सगळं खाली काढलं. अॅल्युमिनियमच्या पेट्या दणकट आहेत, पण रुंद. गर्दीतून तुमचा गुडघा निघेल आणि पेटी अडकेल. टाकीवरची चुंबकाची बॅग हँडल वळवताना आड येते आणि पेट्रोल भरताना दर वेळी काढावी लागते. पाठीवरची सॅक तर नकोच, मागे बसलेल्या छोटीचं नाक तिच्यात जाईल. मोठा बॉक्स तिची जागाच खातो.

शेवटी कॅरिअरवर मावेल असा लहान बॉक्स आणि दोन कापडी साइड बॅगा घेतल्या. बॉक्समध्ये फक्त हलकं ठेवा, रेनकोट, कागद, ड्रेसिंगचं सामान. जड ते खाली, साइड बॅगांत. तुमच्या यादीतल्या वस्तूंसारख्या वस्तू जमवून काट्यावर ठेवून पाहिल्या. मशीन आणि डबा डावीकडे, बाटली आणि औषधांची पेटी उजवीकडे, असं केलं तर दीडशे ग्रॅमचाच फरक राहतो. भाजी घ्याल तेव्हा दोन पिशव्यांत घ्या आणि एकेक दोन्हीकडे ठेवा. उजवीकडे सायलेन्सर तापतो, म्हणून तिथे बॅग टेकू नये अशी पट्टी लावून घेतली आहे. पट्ट्यांची लोंबती टोकं चाकात जाऊ नयेत म्हणून शिवून टाकली आहेत.

जुन्या बॅगा पाठवत नाही. मागू नका.

गाडी देताना मेकॅनिकने मला खाली बसायला लावलं. "ही डाव्या बॅगेची लोखंडी पट्टी बघा, वाकली होती."

"पडली तेव्हा वाकली असेल," मी म्हटलं.

"पडल्यावर आत वाकते हो. ही खाली गेली होती. वजनाने. सरळ केलीय मी, पण वहिनींना सांगा, एकाच बाजूला लादू नका म्हणावं. आणि तुम्हाला मी काय शिकवणार! अख्ख्या बाजाराचे काटे सरळ करणारी माणसं तुम्ही."

तो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. मीही हसलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलत नेली. तिथे जाऊन किक मारली.

वहिनी, आता जे लिहितो ते शेवटपर्यंत वाचा.

त्या दिवशी दादा गोदामाचा मोठा काटा तपासायला निघाला होता. तो काटा जागचा हलत नाही, म्हणून तपासणीची वजनं तिकडे न्यावी लागतात. पाच-पाच किलोची चार, बिडाची. दोन डाव्या बॅगेत, दोन उजव्या. बॅगा भरणं माझं काम. अकरा वर्षं मीच भरत आलो.

उजव्या बॅगेचं बक्कल आठ दिवस तुटलेलं होतं. "ते बक्कल बघ रे," दादा दोनदा म्हणाला, आणि मी दोनदा "हो" म्हटलं. त्या सकाळी बॅग बंद होईना. बोलणी खायची नव्हती. मी चारही वजनं डाव्या बॅगेत घातली. उजवी रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात दुकानातली फडकी कोंबली आणि वरून दोरी बांधली.

दादाने गाडी स्टँडवरून काढली तशी ती डावीकडे कलली. "आज जड लागतेय रे."

मी म्हटलं, "गाडी तीच आहे. तुझं वय झालं."

"तुझं लग्न लावून देतो, मग कळेल जड म्हणजे काय," म्हणाला आणि गेला.

पंधरा मिनिटांनी फोन आला. पुलाखालच्या उतारावर, वळणाला गाडी पडली होती. मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. गाडी बाजूला घेतलेली, वजनं रस्त्यावर. मी ती गोळा केली आणि दोन-दोन करून दोन्ही बॅगांत ठेवली. हाताची सवय होती असं म्हटलं असतं, पण फडकी मी शर्टाच्या आत लपवली होती.

पोलिसांनी विचारलं, "सामान कसं भरलं होतं?" मी म्हटलं, "नेहमीसारखं." मग त्यांनी लिहिलं, वेग जास्त असावा. तेच तुमच्यापर्यंत आलं.

दादा गेल्यापासून, या आठ महिन्यांत, मी आलो की तुम्ही म्हणता, "घाई नडली हो भाऊजी. आमचा विचार केला असता तर सावकाश गेले असते." मागच्या महिन्यात छोटी जिन्यावरून धावत निघाली, तर तुम्ही ओरडलात, "बाबांसारखं करू नकोस!" ती होती त्या पायरीवर थांबली. माझ्या हातात चहा होता. मी काय बोललो आठवतंय? "साखर बरोबर पडलीय," म्हटलं.

दादा घाईत नव्हता. उतारावर तो कधीच घाई करत नसे. छोटीला एवढं तरी आजच सांगा.

हे न लिहिताही नव्या बॅगा पाठवता आल्या असत्या. तीन आठवडे तोच बेत होता. पण उशीर झालेल्या एखाद्या सकाळी तुम्ही सगळं एकाच बॅगेत कोंबाल, एवढ्याशाने काय होतंय म्हणाल, आणि मागे छोटी बसलेली असेल. काय होतं ते मला माहीत आहे. आज पट्टी बघितल्यावर गप्प राहणं जमेना. फोनवर सांगितलं नाही, कारण तुम्ही नुसतं "हं" म्हणाला असतात तरी मी विषय बदलला असता.

उद्या सकाळी ठाण्यात जाऊन खरा जबाब देणार आहे. पुढे काय करायचं ते त्यांच्या हातात. हे तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणूनही आजच लिहितो आहे.

गाडीची काळजी नको. दुकान उघडायच्या आधी तुमच्या यादीएवढं वजन भरून तिला त्याच उतारावरून तीनदा नेलं. सरळ जाते, ब्रेक नीट लागतात. रविवारी मी ती घेऊन येणार असं ठरलं होतं. आता माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर मेकॅनिककडे निरोप ठेवा. तो आणून देईल आणि बॅगा कशा भरायच्या ते दाखवील. त्याला मी सगळं समजावून ठेवीन. मी वाट अडवून उभा राहणार नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुमच्यावर टाकायचा मला हक्क नाही.

पाकीट बंद करून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो. मग हात धुऊन जेवायला बसतो. दोन वाजून गेले.

दादाचा भाऊ