डावा, पाऊण इंच

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेहुणे जाऊन दोन महिने झाले. घशाच्या कॅन्सरने आधी त्यांचा आवाज नेला, मग त्यांना. आणि तेव्हापासून तुझ्याही तोंडून शब्द नाही. म्हणून मीच बोलतो. मास्तरकीमुळे ते मला जमतं. कारखाना बंद कर आणि इकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. रंग वहिनीने निवडला. तो पिवळा आहे असं तिचं म्हणणं.

आखूड पायांसाठी उंच तळाचे बूट करणं ही मेहुण्यांची विद्या. तू वरचं चामडं शिवत आलीस. तळाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. विद्या वारशाने येत असती तर माझ्या चिरंजीवांना संस्कृतात छत्तीस गुण पडले नसते.

माझे बूटही वर्षभरात झिजले. मी पुन्हा विषमवृत्तात, एक चरण आखूड असा, चालू लागलो आहे.

निघण्याचा दिवस कळव. रंगाबद्दल वहिनीपुढे मौन पाळ.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खोलीला कुलूप लाव. मी येत नाही.

आवाज गेल्यावर यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या एक वही लिहिली. प्रत्येक गिऱ्हाईक, कुठला पाय आखूड, किती उंची द्यायची, सगळं आठवून आठवून. शेवटच्या पानावर दोनच शब्द: ‘आता तू.’ हा वारसा नाही तर काय?

हाडांचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या हातचे तीन जोड महिनाअखेर बघतो. जमले तर रुग्ण पूर्वीसारखे पाठवीन, नाहीतर दुसरीकडे. एक जोड शिवणवर्ग घेणाऱ्या, शिवणाच्या बाईंचा, एक बँकेतल्या शिपायाचा, एक तुझा. तुझा आधी केला, कारण तू शिव्या संस्कृतात देतोस.

यांच्या स्टुलावर मात्र बसवत नाही. खिडकीपाशी उभ्यानेच काम करते. पाय दुखतात, पण दोन्ही सारखेच दुखतात.

पार्सल पाठवलंय. खरं तेच लिही, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खरं लिहितो. बूट घालून उभा राहिलो तो थेट दाराच्या चौकटीला खांदा लागला. आखूड पाय माझा उजवा. उंची तू डाव्याला दिलीस. पाऊण इंचाचा फरक दीड इंच झाला. मुख्याध्यापकांनी सहानुभूतीने विचारलं, की आज वारा जास्त आहे का. वहिनी हसून हसून खाली बसली. मग मात्र डोळे पुसू लागली.

शिवण देखणी आहे. पण लहानपणी ज्या पायामागे धावलीस तो कुठला हेच विसरलीस, म्हणजे मन थाऱ्यावर नाही. हट्ट पुरे झाला, बाळ. रविवारी न्यायला येऊ का?

तुझा (तूर्त डावीकडून उंच),
दादा


२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

न्यायला येऊ नकोस. बघायला ये.

तुझा पाय मी विसरले नव्हते. तळ कापताना हात अडला होता. पण वहीत स्वच्छ लिहिलेलं: ‘डावा, पाऊण इंच.’ चाळीस वर्षं पाहिलेल्या पायापेक्षा मी यांच्या अक्षरावर भरवसा ठेवला.

तुझं पत्र वाचलं आणि हे गेल्यापासून पहिल्यांदा यांच्यावर भडकले. तीस वर्षांच्या अनुभवाचा कारागीर, आणि डावं-उजवं कळू नये? रागाच्या भरात धपकन स्टुलावरच बसले. समोरच्या खुर्चीत शिवणाच्या बाई जोड घालून बघायला पाय पुढे करून बसलेल्या. वहीत त्यांचा ‘उजवा’. प्रत्यक्षात आखूड पाय त्यांचा डावा. पण तिथून तो माझ्या उजव्या हाताला होता! दादा, हे जन्मभर गिऱ्हाइकासमोर बसले, आणि समोरून दिसलं तसं लिहून गेले. वही बिनचूक आहे. फक्त ती त्या स्टुलावर बसून वाचायची. मी इतकी हसले की बाई म्हणाल्या, पाणी देऊ का.

दोन जोड उसवले, तुझा नवा केला. डॉक्टरांपुढे शिपाई अख्खा व्हरांडा ताठ चालला. बाई कठडा न धरता जिना उतरल्या, आणि कुणी सांगितलं नसताना पुन्हा चढून गेल्या! काल सात नवे रुग्ण आले. तिसऱ्या जोडाचा निकाल डॉक्टरांनी तुझ्यावर सोपवलाय. पार्सल सोबत आहे.

निकाल लाव, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

निकाल: काल संध्याकाळी नवे बूट घालून घरात शिरलो. गेलं वर्षभर वहिनी मला पावलांच्या लंगड्या तालावरून ओळखते. स्वयंपाकघरातून तिने विचारलं, कोण आलंय? बाईसाहेबांना नवरा परका वाटावा इतका मी समवृत्तात चालत होतो. हे पत्र डॉक्टरांना खुशाल दाखव.

पिवळ्या खोलीत आता तू चार दिवसांची पाहुणी म्हणूनच यायचं. पाचव्या दिवशी मी स्वतः तुला स्टुलापर्यंत पोचवीन, चालत. बूट आहेत.

तुझा हरलेला आणि त्यामुळे फार आनंदात असलेला,
दादा

ता. क. वहीत माझ्यापुढची नोंद सुधारू नकोस. ‘डावा’च राहू दे. मेहुण्यांना मी तसा दिसत होतो.