चालत्या गाडीवर कौलं

तीर्थरूप धाऊमामा यांच्या दोन्ही पायांना (डाव्याला थोडा जास्त, कारण गुडघा त्याचा दुखतो) भाचा ओमकार याचा बंगळूरहून नमस्कार. मी इकडे धडधाकट आहे, वजन वाढलं आहे आणि घरची आठवण अजिबात येत नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे रंभामामीला पुढचं ऐकताना पदर शोधायला नको. मामीचा खोकला, तांबडी गाय, परसातला शेवगा, सगळे कसे आहेत ते कळवावं. तोंडावर मी तुम्हाला 'तू' म्हणतो, पण कागदावर मोठ्या माणसाला 'तुम्ही' लिहायचं असतं, एवढं सातवीपर्यंतच्या शाळेतून ध्यानात राहिलं आहे, म्हणून लिहितो. मनावर घेऊ नये. पत्राचं कारण असं की फोन केला की तुम्ही "हां, बरं" म्हणता आणि कट करता. कागद कट होत नाही. फाडता येतो, पण तुम्ही खताची रिकामी गोणसुद्धा कधी फाडली नाही, शिवण उसवून घडी घालून ठेवता. म्हणून वाचाल असं वाटतं.

माझं काम काय, ते तुम्हाला नीट कुणी सांगितलं नसेल. शेजारच्या जैतूने पाडाभर सांगितलंय म्हणे की ओमकार कुठल्याशा ट्रॅव्हल्सवर क्लीनर आहे. तसं नाय. इथे एक कारखाना आहे. तिथे मोठी व्हॅन घेतात, आतल्या शिटा उपसून टाकतात आणि त्या जागी पलंग, ओटा, पंखा, फ्रिज असं अख्खं घर बसवतात. (संडाससुद्धा. कुठे ते विचारू नका, मामी जेवायला बसली असेल.) मग माणसं आपल्या बांधलेल्या घराला कुलूप घालतात आणि या घरातून हिंडतात. आता हिंडत्या घराला लाइटीचा खांब बरोबर नेता येत नाही, म्हणून टपावर सोलरचे पॅनल लावतात. आपल्या पाड्यावर रस्त्याच्या दिव्याला लावलंय (जो दोन महिने चालला) तसंच, पण मोठं. ऊन पडलं की खाली बॅटरी भरते. ते टपावर चढवून बसवायचं काम माझं. आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी कामावर ठेवताना एकच विचारलं, उंचीची भीती वाटते का? मी म्हटलं, सगळं आयुष्य कौलांवर गेलंय. (गेलं होतं. तुम्हीच उतरवलंत.)

तो विषय मी काढणार नव्हतो, पण निघालाच आहे तर माझी बाजूही ऐका. गेल्या वैशाखात, पावसाच्या आधी, आपल्या अर्ध्या छपराची कौलं उतरवून, पुसून, परतून झाली होती. अंगणात पाड्यावरच्या माणसांची रांग, कौल हातोहात येतंय, शिडीच्या पायथ्याशी तुम्ही, शिडीवर जैतू आणि वर मी. तेवढ्यात शहापूरच्या रस्त्याने एक गाडी गेली. तिच्या काचेला फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याआडून एक बाई हातात चहाची कपबशी घेऊन आपल्या घराकडे बघत होती. चालत्या गाडीत! मामा, बशीत सांडलासुद्धा नाही. मी बघतच राहिलो, हातातलं कौल सुटलं, जैतूच्या कानाजवळून गेलं आणि तुमच्या पायापासून वीतभर अंतरावर फुटलं. तुम्ही सगळ्या रांगेसमोर ओरडलात, "उतर खाली! परत माझ्या कौलांवर पाय ठेवू नको!" मी उतरलो. एकदा उतरायला लागलो की मी थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सरळगावला जीप, मुरबाडहून एसटी, कल्याणला रेल्वे, आणि नकाशात बघितलंत तर बंगळूर अगदी खाली आहे.

गंमत म्हणजे आपली कौलं मंगलोरी, आणि ते मंगलोर इथून एका रात्रीच्या बसवर. म्हणजे तुम्ही मला कौलांवरून उतरवलंत आणि मी कौलांच्या माहेरी येऊन पडलो. इथल्या जुन्या घरांवर अगदी आपल्यासारखीच कौलं आहेत. रविवारी मी ती बघत हिंडतो. (आठवण येते म्हणून नाय. कोणी नीट परतली आहेत आणि कोणी नाय, ते बघायला.)

तर झालं असं. एका डॉक्टर नवरा-बायकोची व्हॅन आली. आधी दुसऱ्या कुणाकडून टपाला भोकं पाडून घेतली होती, त्यातून पाणी गळून त्यांच्या पलंगाची गादी भिजली होती. अण्णांना नेमकं लग्नाला जायचं होतं. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली, चार पॅनल लाव, पण पाणी आत येता कामा नये. मामा, पाणी आत येऊ न देणं हे मला अण्णांनी शिकवायचं? मी टपावर आडव्या लाकडी रिपा मारल्या. मागच्या कडेला, म्हणजे वळचणीला, पहिलं पॅनल. त्याच्यावर चार बोटं चढवून दुसरं. दुसऱ्यावर चार बोटं तिसरं. असं करत ड्रायव्हरच्या डोक्यावर चौथं, आणि सगळ्याला पुढून मागे उतार. तुम्ही शिकवलंत तसंच, वरच्याने खालच्याचं डोकं झाकायचं. मग बारा बादल्या पाणी ओतलं आणि आत पलंगावर पेपर पसरून बसलो. एक थेंब नाय! फोटो काढून तुम्हाला पाठवणार होतो, पण तुमच्या फोनवर फोटो दिसत नाही, नुसता बॅटरीचा उजेड पडतो, हे आठवलं.

डॉक्टर गाडी घेऊन दोन दिवस जवळपास हिंडून आले. येताना फ्रिजचं दार दोरीने बांधून आणलं होतं. आत इडलीचं पीठ ठेवलं होतं, फ्रिज बंद पडला, पीठ फुगलं आणि दार ढकलून बाहेर आलं. बॅटरी रिकामी. तोपर्यंत अण्णा परतले होते. त्यांनी एकेक वायर तपासली, एक डबा बदलला, बॅटरीवाल्याला फोनवर शिव्या दिल्या, शेवटी बॅटरीला उदबत्तीसुद्धा ओवाळली. दोन दिवस असे गेले. मग त्यांना शिडी लावून वर बघायची बुद्धी झाली. वरच्या पायरीवर ते टेकले आणि एकेका पॅनलवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, खूश झाले.

खाली आल्यावर त्यांनी मला समजावलं. (शिव्या आधी झाल्या, त्या कन्नडमध्ये होत्या, म्हणून लिहीत नाही.) पॅनलमध्ये काळे चौकोन रांगेत असतात. प्रत्येकाने आपला करंट पुढच्याच्या हातात द्यायचा. रांगेतल्या एकावर जरी सावली पडली तरी त्याचा हात थांबतो आणि बाकीचे कितीही उन्हात असले तरी नुसते उभे. चार बोटं झाकली तरी पॅनल झोपलं. मी तीन झोपवली होती. हे मला झटक्यात कळलं, अण्णांना मी हुशार वाटलो. आपल्या अंगणातली रांगच ती! बुध्या बिडी पेटवायला बाजूला सरला की मागची वीस माणसं हातात कौल धरून खांबासारखी उभी, आणि तुम्ही त्याच्या सात पिढ्या मोजता. मी अण्णांना हे सांगायला लागलो ते सांगतच सुटलो. रांगेत लहानीकाकी कशी प्रत्येक कौलाला नाव ठेवते, मामी दुपारी नाचणीची भाकर आणि सुकट कशी टोपलीभर आणते, आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं की खालून सगळे कसे ओरडतात. हिंदीत, पाऊण तास. अण्णांनी ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, आता तुझ्या जागी वर कोण असतो? मी पडलेला स्क्रू शोधायला गाडीखाली शिरलो. (स्क्रू पडला नव्हता.)

आता पॅनल सपाट लावले आहेत, एकमेकांना न शिवता, आणि भोकं मसाला भरून बुजवली आहेत. फ्रिज असा चालतो की पाण्याचा दगड होतो. पण खरं सांगू का, कौलासारखे लावले होते तेव्हा टप दिसायला चांगला होता. असो. माझं इकडे उत्तम आहे, यायचा विचार नाही आणि तुम्ही बोलवावं असंही काही नाही. मामीला नमस्कार, गाईला वैरण, जैतूला काही नको.

आपला, वीतभर अंतराने चुकलेला भाचा,
ओमकार

ता. क. १ : मामी फोनवर बोलली की राहिलेल्या अर्ध्या छपरावर तुम्ही वर्षभर निळं प्लास्टिक टाकून ठेवलंय आणि जैतू शिडी घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवलंत. जैतू कौलाच्या मधोमध पाय ठेवतो, सांध्यावर ठेवत नाही, आणि कौलं फोडतो, हे मला माहीत आहे. कारण तेवढंच होतं का, ते मात्र मामीला सांगता आलं नाही.

ता. क. २ : हे पत्र तुमच्या हातात देणारे दोघे तेच डॉक्टर. त्यांना नाशकावरून पुढे उत्तरेला जायचं आहे. पुण्याहून नाशकाला सरळ रस्ता आहे, पण माळशेज घाट बघितल्याशिवाय हिंडणं पुरं होत नाही, असं मी त्यांना पंधरा दिवस सांगत होतो. बाईंच्या चहात साखर नको.

ता. क. ३ : ही ओळ गाडीत लिहिली आहे, अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे. पॅनलवर नजर ठेवायला अण्णांनी मला नाशकापर्यंत बरोबर धाडलंय. आठवणीबद्दल वर लिहिलंय ते सगळं खोटं आहे. मामा, तू हे वाचतोयस तेव्हा गाडी वळणावरच्या मोहाच्या झाडाखाली उभी आहे आणि मी टपावर आहे. तुला बोलायला जड जातं, ते मला ठाऊक आहे. काय बोलू नको. नुसती शिडी लाव, मला इथून दिसते. नाय लावलीस तर डॉक्टरांचा चहा झाला की आमी कसाऱ्याकडे निघू, त्यांना अंधाराच्या आत घाट चढायचाय. लावलीस तर डाव्या अंगाला लाव. तिकडची कौलं राहिलीत.